अकराशे मोदक

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत उकडीत होते. नव्या पिठाचा नमुना करून बघत होते. चतुर्थी परवावर आली होती, आणि पारी फाटते की नाही हे आयत्या वेळी बघून चालत नाही. पीठ दगा देणारं निघालं तर दुसरं दळून आणायला एक दिवस तरी हाताशी हवा. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मुग्धा शाळेत गेली होती, हे ड्यूटीवर गेले होते आणि मदतीच्या बायका दहाला यायच्या होत्या. पदराला हात पुसत मी फोन उचलला. रिसीव्हरला उकड लागली म्हणून फोन करणाऱ्याला मनातल्या मनात एक शिवीही दिली.

"वहिनी, मी दिगंबर. गावाहून बोलतोय. अनंता आहे का घरात?"

दिगूभावोजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. गावी नानांच्या शेजारच्या घरात राहणारे.

"नाही हो, सकाळीच गेले डेपोत. का? काय झालं?"

"नाना गेले, वहिनी." पलीकडे पावसाचा आवाज येत होता. "पहाटे साडेतीनला. काल रात्री पेज घेतली, बोलले चार शब्द, आणि झोपेतच गेले बघा."

त्यानंतर आमचं थोडं बोलणं झालं आणि मी फोन ठेवला.

नाना म्हणजे ह्यांचे थोरले काका. हे नऊ वर्षांचे असताना वडील गेले आणि दोन वर्षांनी आई. तेव्हापासून नानांनीच ह्यांना वाढवलं. नानांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. काकू लवकर गेल्या, तरी त्या माणसाने हातात पळी घेऊन ह्यांना रांधून वाढलं, मुंज केली, शिकवलं, एसटीत चिकटवलं आणि माझ्यासारख्या पेणच्या तोंडाळ मुलीशी लग्नही लावून दिलं. लग्नात मला म्हणाले होते, "पोर अबोल आहे गं. त्याच्या वाटचं तू बोल." ते मी मनापासून पाळलं.

म्हणजे गेले ते ह्यांचे वडीलच. हे मला फोन ठेवताना नीट ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुतक'.

आता माझ्या धंद्याचं सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच दगडाच्या काळजाची वाटेन. तशी वाटले तरी माझी तक्रार नाही, पण कारण कळू दे. तीन वर्षांपूर्वी शेजारणीकडच्या गणपतीला मी एकवीस मोदक करून दिले होते. तिच्या पाहुण्यांना आवडले. पुढच्या वर्षी दीडशे झाले, मग संकष्टीचे व्हायला लागले. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांच्या घरात मी नारळ, तांदूळ, गूळ, मोदकपात्रं अशी सगळी फौज भरून ठेवली. ह्यांनी हौसेने पत्रकं छापून आणली: 'नैवेद्यासाठी सोवळ्यात केलेले उकडीचे मोदक.' मोदक काय, दहाजणी करत होत्या. गिऱ्हाईक यायचं ते त्या 'सोवळ्यात' ह्या शब्दासाठी. देवापुढे ठेवायचं तर निर्मळ घरचं हवं, एवढंच लोक विचारायचे.

ह्या तीन वर्षांत संसाराची मात्र पार रया गेली. ह्यांचा डबा बंद झाला, ते कँटीनमध्ये जेवायला लागले. मुग्धाला गोवर झाला तेव्हा मी एका हाताने तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि दुसऱ्या हाताने सारण ढवळत होते. रविवार म्हणून काही उरलाच नाही. हे कधी बोलले नाहीत, पण एकदा, फक्त एकदा म्हणाले, "वासंती, हे असं किती दिवस?" मी म्हटलं, "ह्या गणपतीपर्यंत. ह्या वर्षी जमलं तर स्टेशनजवळचा गाळा घेऊ आणि हे सगळं घराबाहेर नेऊ. नाही जमलं तर मोदकपात्रं भंगारात देईन, पुन्हा नाव काढणार नाही." तसं आमचं ठरलं होतं.

आणि ह्या वर्षी दादरच्या वर्तकांची ऑर्डर आली होती. वर्तक पंचवीस-तीस सोसायट्यांना नैवेद्याची पानं पुरवायचे. सातशे मोदक त्यांचे आणि चारशे पनवेलमधले, मिळून अकराशे. वर्तक स्वतः येऊन स्वयंपाकघर बघून गेले होते. जाताना विचारलं, "बाई, सोयरसुतक सगळं पाळता ना? आमच्या गिऱ्हाइकांना नंतर काही कळलं तर माझं नाव जाईल." मी म्हटलं, "निर्धास्त राहा."

म्हणून फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसून राहिले. सुतक दहा दिवसांचं. सुतकातल्या घरात स्वतःचा देवसुद्धा पुजत नाहीत, मग दुसऱ्याच्या देवाचा नैवेद्य कुठला करणार? वर्तकांना आत्ता नाही म्हटलं तर ते पुन्हा दारात उभे राहणार नाहीत, आणि पनवेलच्या साठ घरांना परवाच्या सकाळी मोदक कोण देणार? सगळं संपलं होतं.

मग मला ते आठवलं. आमच्याकडे एक रीत आहे. लांबच्या गावी कोणी गेलं तर सुतक लागतं ते बातमी कानावर येते तेव्हापासून. कळेपर्यंत दोष नाही. माझ्या माहेरी आत्याच्या सासरची एक बातमी अशीच लग्न पार पडेपर्यंत माडीवर ठेवली होती, खाली कोणाला कळू दिली नव्हती. थोरामोठ्यांनीच तसं केलं होतं. ह्यांना कळलं नाही तर ह्यांना सुतक नाही. राहता राहिले मी. पण मला कळलंय हे तरी कोणाला ठाऊक होतं? दिगूभावोजींना, आणि ते सव्वादोनशे किलोमीटरवर.

दोनच दिवसांचा प्रश्न होता. परवा संध्याकाळी, मोदक गेले की मी ह्यांना सांगणार होते. फोन आत्ताच आला म्हणून सांगणार होते.

मी उठले, उकड पुन्हा हातात घेतली. पारी फाटली नाही. पीठ चांगलं होतं.

संध्याकाळी साडेपाचला हे आले तेव्हा मदतीच्या अनसूयाबाई आणि मी नारळ सोलत बसलो होतो. हे दारातच थांबले. डाव्या हाताच्या तर्जनीला भलंमोठं फडकं गुंडाळलं होतं.

"हे काय करून आलात?"

"गाडीच्या पत्र्याला लागलं. खोल गेलंय जरा."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. पाण्यात घालू नका म्हणाला, आणि कशाला लावू पण नका."

माझं डोकंच फिरलं. शंभराच्या वर नारळ खोवायचे होते. खोवण्यात ह्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दर वर्षी विळीवर मांडी घालून बसायचे आणि माझ्या दोन बायकांचं काम एकटे उरकायचे. "नेमकं आजच बोट कापायचं होतं?" मी सगळ्यांदेखत बोलले. "बरोबर आहे, माझं काम निघालं की तुमच्या अंगावर काहीतरी येतंच. मागच्या वर्षी कंबर धरली, ह्या वर्षी बोट!"

अनसूयाबाई खाली मान घालून नारळाला कोयता मारत राहिल्या. ह्यांनी चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतही आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "वासंती, ह्या वर्षी मूर्ती आणायला आणि पूजेला सुधीरला बोलावशील का? मला जादा गाड्यांची ड्यूटी लागलीये. धड सकाळ ना दुपार, काही भरवसा नाही."

सुधीर माझा धाकटा भाऊ, पेणला राहणारा. खरं सांगते, हे ऐकल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला. दिवसभर मला एकच घोर लागला होता की सुतकात असताना हा माणूस अजाणता पाटावर बसेल, मूर्तीची पूजा करेल आणि ते पाप माझ्या माथी लागेल. आता ते आपोआप टळलं. देव माझ्या बाजूने आहे असंच मला वाटलं. मी लगेच सुधीरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. मी उपास केला. नवऱ्याला उदंड आयुष्य मिळावं म्हणून वाळूची पिंड मांडून पूजाही केली. सुतकात ती करायची नसते, पण न करावी तर बायकांनी विचारलं असतं. हात जोडले तेव्हा मनात एकच होतं, सारण करपू नये.

ह्यांनी त्या दिवशी दाढी केली नाही. मी बघितलं, वाटलं, बोटाला पाणी लागेल म्हणून. दोन्ही रात्री चटईवर झोपले. पलंगावर मी पिठाची ताटं पसरून ठेवली होती, तेव्हा तेही मला साहजिक वाटलं. अनसूयाबाईंनी चवीला म्हणून सारणाची वाटी पुढे केली तर म्हणाले, "नको, पोट बरं नाही." मी आतून ऐकलं आणि मनात म्हटलं, फुरंगटून बसलेत. बोलले ना मी सगळ्यांसमोर, त्याचा राग. राहू दे. ऑर्डर गेली की काढीन समजूत.

एकदा मुग्धा त्यांच्या मांडीवर बसून विचारत होती, "बाबा, नानाआजोबांकडे आपण कधी जायचं?"

"जाऊ," हे म्हणाले.

"नानाआजोबांना मोदक नेऊ या. एकवीस."

ह्यांनी तिला खाली ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी शेगडीपाशी होते. माझ्या हातून गूळ जरा जास्तच पडला. मला वाटलं, ह्यांना कशाची चाहूल तर लागली नसेल? पण मीच माझी समजूत घातली. दहा दिवसांपूर्वी नानांचं कार्ड आलं होतं, 'थकवा फार आहे, अनंताला बघावंसं वाटतं.' हे म्हणाले होते, दोन दिवस जाऊन येऊ का? मीच म्हटलं होतं, आत्ता गेलात तर नारळ कोण आणणार, मग खुशाल आठ दिवस राहा. त्याचीच रुखरुख असेल, असं मी ठरवून टाकलं.

चतुर्थीला पहाटेच शेगड्या पेटल्या. आम्ही सहाजणी होतो. कोणी उकड काढतेय, कोणी कळ्या घेतेय, कोणी केळीच्या पानावर मोदक मांडून पात्रं लावतेय. घरात ढग उतरल्यासारखी वाफ झाली होती. एकवीस कळ्यांचा मोदक करणारी मी, त्या दिवशी माझे हात असे चालले की अनसूयाबाई म्हणाल्या, "ताई, आज तुमच्या बोटांत देव आलाय." मला धस्स झालं. पण हात थांबले नाहीत.

साडेनऊला शेवटचा खोका गेला. हे जिन्याखाली उभे राहून टेम्पोवाल्याला खोके कसे लावायचे ते सांगत होते. स्वतः एकालाही हात लावला नाही. सुधीरने घरच्या गणपतीची पूजा केली, आरती झाली. आरतीला हे बाहेरच्या दाराशी उभे होते. मी बघितलं, ते टाळ्या वाजवत नव्हते. हाताला लागलंय, मला वाटलं.

दुपारी चारच्या सुमाराला वर्तकांचा फोन आला. "बाई, बत्तीस घरांतून निरोप आलेत. असा मोदक खाल्ला नाही म्हणतात. आता दर संकष्टीचं तुमच्याकडे. अंगारकीला दुप्पट. गाळ्याचं लवकर बघा, एवढ्या जागेत नाही भागायचं."

मी फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. जमलं होतं! तीन वर्षांची धग, चटके, सासरमाहेरच्यांचे टोमणे, सगळं फिटलं होतं. आधी ही बातमी ह्यांना सांगायची, मग जरा वेळाने नानांची, असं मनाशी जुळवत मी बाल्कनीत गेले. सुधीर आणि मुग्धा शेजाऱ्यांचा गणपती बघायला गेले होते.

हे स्टुलावर बसले होते आणि बोटाचं फडकं सोडत होते.

"अहो, वर्तकांचा..."

"वासंती, बैस जरा."

फडक्याचा शेवटचा वेढा निघाला. बोट धडधाकट होतं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"नाना गेले," ते म्हणाले.

मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिले.

"परवा पहाटे गेले. मला दुपारी एकला कळलं. गुहागर गाडीवर शेलार ड्रायव्हर असतो ना, त्याने सांगितलं. गाडी गावातून निघाली तेव्हा आपल्या अंगणात माणसं जमली होती म्हणाला. चारला तो परत निघणार होता. साहेब, चला, पुढची सीट ठेवतो म्हणाला." त्यांनी फडक्याची घडी घातली. "रजा मिळाली असती. अशा वेळी देतात. पण मी म्हटलं, रात्री दहाला पोचून काय करू? पावसापाण्याचे दिवस, तोवर कोण ठेवतंय? दुपारीच सगळं झालं असेल. नाना काही दिसणार नाहीत. आणि इथे मी निघालो की तुला कळणार, तुझ्या कानावर आलं की सुतक. तीन वर्षं मी बघतोय तुला. हात भाजलेत, केस पिकलेत. म्हटलं, नाना तर गेलेच. तुझं तरी होऊ दे. कळलं नाही तर तुला दोष नाही. मी लावून घेतलं होतं सुतक माझं मला. कशाला शिवलो नाही. बोटाचं खोटं बोललो, रागावू नकोस."



"मला एकच धास्ती होती," ते म्हणाले, "दिगू घरी फोन करेल आणि तुला कळेल. नाही ना आला त्याचा फोन?"

आत्ता सांगता आलं असतं. तो एक क्षण होता, आणि पुढच्या सगळ्या आयुष्यात मी तो हजार वेळा पुन्हा उभा करून बघितला आहे. पण त्या बोटाकडे बघून माझा धीर खचला.

"नाही," मी म्हटलं.

"पावसाने लाइन गेली असेल. देवालाच तुझी काळजी."

आणि मला रडू कोसळलं. अगदी ऊर फुटून रडले मी. नानांसाठी नव्हे. हा माणूस माझ्यासाठी काय करून बसला आणि मी काय करून बसले, त्याचं ते रडू होतं. त्यांना ते कसं कळणार? त्यांना वाटलं, मला नानांचं कळून दुःख झालं, शिवाय आपण सुतकात नैवेद्य केला ह्याची टोचणी लागली. ते खाली माझ्याजवळ येऊन बसले. पाठीवरून हात फिरवत राहिले. "तुझा काय दोष? तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू मला त्याच गाडीने पाठवलं असतंस, हे मला ठाऊक नाही का? रडू नको. नाना म्हातारे झाले होते गं. सुखाने गेले." अंधार पडेपर्यंत ते मला असं समजावत होते, पाणी पाजत होते. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळं करवून घेतलं.

त्या रात्रीच सुधीरने आमच्या गणपतीचं विसर्जन केलं. चतुर्थीला संध्याकाळी बातमी कळली, असं आम्ही इथे सगळ्यांना सांगितलं. कोणालाही शंका आली नाही. आजतागायत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने हे गावी गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, "मुग्धाची शाळा आहे, तू राहा. गाळ्याचं बघून ये तोवर."

मी गाळा बघून आले. चांगला होता, रस्त्यावर होता.

तेरावं-चौदावं आटपून ते आले. डोक्यावरचे केस काढलेले, चेहरा अर्धा झालेला. सकाळची वेळ होती. मुग्धा शाळेत होती. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, खुर्चीवर बसले. मी चहा दिला. त्यांनी तो सावकाश प्यायला. कप खाली ठेवला.

"दिगूने अग्नी दिला," ते म्हणाले.

"हं."

"नानांनी सांगून ठेवलं होतं, अनंताच्या हातून व्हावं. पहाटे गेले तसं दिगूने ठरवलं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबायचं. शृंगारतळीला बर्फ मिळतो. लादी आणायला माणूस निघालासुद्धा होता." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "मग घरून निरोप मिळाला की थांबू नका."

फोनवरचं ते थोडं बोलणं मी वर सांगितलं नाही. ह्यांच्यापासून लपवलं तसं तुमच्यापासूनही लपवलं. आता सांगते. दिगूभावोजी म्हणाले होते, "वहिनी, आम्ही थांबतो. अनंता रात्रीपर्यंत पोचेल ना? उद्या सकाळी करू. त्यानेच करायचंय." आणि मी म्हटलं होतं, "नका थांबू, भावोजी. गणपतीच्या जादा गाड्या आहेत, सगळ्यांच्या रजा रद्द झाल्यात. त्यांना नाही जमायचं." ते म्हणाले, "अहो, एकदा त्याला विचारा तरी." आणि मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? तुम्ही उरकून घ्या. दिवसांना येतील ते." उरकून घ्या. हाच शब्द मी वापरला होता.

"मी रात्री दहाला पोचलो असतो," हे म्हणाले. "नाना असते."

मी तिथेच खाली बसले. "अहो, बोला मला. मारा. हवं ते करा. पण असं बसू नका."

"काय बोलू? तू धंद्यासाठी केलंस, मीही तुझ्या धंद्यासाठीच केलं. त्याचं नाही मला काही." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. डोळे कोरडे होते. "त्या दिवशी तू रडायला लागलीस. दोन दिवस मी थोपवून धरलं होतं, वासंती. तुला सांगितलं की मग रडायचं, असं ठरवलं होतं. दुसरं कोण होतं मला? पण तूच एवढी रडलीस की मी तुझीच समजूत काढत बसलो. माझं राहूनच गेलं. गावी गेलो, चितेची जागा बघितली, पिंड दिले. नाही आलं. आता येतच नाही."

एवढं बोलून ते उठले. कप स्वतः उचलून मोरीत नेऊन विसळला, कपडे बदलले आणि दुपारच्या ड्यूटीला गेले.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही, कोणाला एक शब्द सांगितला नाही. गाळा त्यांनीच उभं राहून नीट करून घेतला. पुढच्या वर्षीपासून पुन्हा विळीवर बसून नारळही खोवायला लागले. धंदा वाढला. एकाचे दोन गाळे झाले, चौदा बायका कामाला आल्या, मुग्धाचं शिक्षण झालं, लग्न झालं. लोक म्हणायचे, वासंतीताई, नशीब काढलंत, असा पाठीशी उभा राहणारा नवरा कोणाला मिळतो! मी हो म्हणायचे. घरात मात्र मला सगळं बाहेरून कळायचं. ह्यांना बढती मिळाली ते शेलार ड्रायव्हरच्या बायकोकडून कळलं. गावचं घर दिगूभावोजींच्या नावावर करून दिलं ते दोन वर्षांनी कळलं. मी विचारलं की सांगायचे, काहीही न लपवता सांगायचे. आपणहून मात्र कधी नाही. मी किती वेळा हात धरला, माफी मागितली. ते म्हणायचे, "अगं, जुनं झालं ते." आणि हात हळूच सोडवून घ्यायचे.

अशी सत्तावीस वर्षं गेली. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मुग्धा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि फाइल समोर ठेवली. आतड्याचा आजार पसरला होता, आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. "हे चार महिन्यांपूर्वीच लक्षात आलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी ह्यांना तेव्हाच ॲडमिट व्हायला सांगितलं होतं. तेव्हा आले असते तर फरक पडला असता."

मी बाहेर आले. हे बाकावर बसले होते, हातात केसपेपरची घडी.

"चार महिने?" मी म्हटलं. "चार महिने तुम्हाला माहीत होतं? मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, टोचणं नव्हतं. एखाद्या गिऱ्हाइकाला पत्ता सांगावा तितक्या साधेपणाने ते म्हणाले,

"ऑर्डरी होत्या ना तुझ्या."